सातारा-सांगलीतून पायलट व्हायचंय? फ्लाइंग स्कूलचे पैसे भरण्याआधी काय काय तपासायचं

बारावीचा निकाल लागला की कराड, विटा, तासगाव, फलटण, वाई या भागांतले पालक एकमेकांना एकच प्रश्न विचारू लागतात: "पायलटसाठी चांगली अकॅडमी कुठली?" उत्तरं मिळतात ती फीची, हॉस्टेलची, नाहीतर कुणाच्या तरी भाच्याच्या नोकरीची. विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे. इथे दाखल झालेल्या मुलाचे परवान्याला लागणारे उड्डाणाचे २०० तास प्रत्यक्षात किती महिन्यांत पूर्ण होतात? फी, विमानाचा प्रकार, संस्थेचं नाव हे सगळं त्यानंतर येतं. बहुतेक मुलं अडकतात ती अभ्यासात नाही. विमान नाही, इन्स्ट्रक्टर नाही, हवामान नाही, अशा कारणांनी ती महिनोन्‌महिने जमिनीवर बसून राहतात, आणि तेवढे महिने हॉस्टेलचा खर्च आणि कर्जाचं व्याज चालूच असतं.

आधी मेडिकल, मग बाकी सगळं

अकॅडमी बघायला जाण्याआधी मुलाची किंवा मुलीची वैद्यकीय तपासणी करून घ्या. हा क्रम उलटा करू नका. व्यावसायिक परवान्याला, म्हणजे सीपीएलला, क्लास १ मेडिकल लागतं. त्याआधी क्लास २ होतं, आणि ते डीजीसीएने, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडेच करावं लागतं. आपल्या भागातल्या बहुतेकांना त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागतं. डॉक्टरांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर आहे. पहिलं क्लास १ मेडिकल हवाई दलाच्या ठरावीक केंद्रांवर किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयात होतं. तिथली तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून क्लास २ झालं की लगेच पुढच्या तयारीला लागा.

चष्मा आहे म्हणून घाबरू नका. चष्म्याने नजर ठरलेल्या मर्यादेत येत असेल तर चालतं. रंग ओळखण्यातला दोष मात्र गंभीर अडचण ठरू शकतो, आणि तो असल्याचं अनेकांना बारावीपर्यंत कळलेलंच नसतं. गावातल्या नेत्रतज्ज्ञाकडे ठिपक्यांच्या चित्रांची साधी तपासणी आधी करून घेतली तर लाखो रुपये आणि मोठा मनस्ताप वाचू शकतो. क्लास १ हातात येईपर्यंत कुठल्याही संस्थेला मोठी रक्कम देऊ नका, "सीट भरत आल्यात" असं कितीही वेळा सांगितलं तरी.

शिक्षणाची अट सोपी आहे. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित उत्तीर्ण हवं. कला किंवा वाणिज्य शाखेतली मुलं मुक्त विद्यालयातून हे दोन विषय देतात. स्टुडंट पायलट लायसन्स १६ व्या वर्षापासून मिळतं, सीपीएल १८ पूर्ण झाल्यावर. एक बारीक गोष्ट इथेच सांगतो: दहावीची गुणपत्रिका, आधार आणि पासपोर्ट या तिन्हींवरचं नाव अक्षरनअक्षर जुळतंय का ते आत्ताच पाहा. वडिलांचं नाव एका ठिकाणी पुढे, एका ठिकाणी मागे आणि आडनावाचं स्पेलिंग तिसरंच, हा प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे. डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षांसाठीचा नोंदणी क्रमांक, काढताना तो हमखास आडवा येतो.

२०० तासांत काय काय येतं

हे माहीत नसेल तर अकॅडमीत कुणी काहीही सांगेल आणि ते खरं वाटेल. सीपीएलला एकूण किमान २०० तास उड्डाण लागतं. त्यातले किमान १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. त्यात २० तास क्रॉस कंट्रीचे, म्हणजे एका ठिकाणाहून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे, आणि एक उड्डाण किमान ३०० नॉटिकल मैलांचं, म्हणजे जवळपास ५५५ किलोमीटरचं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण उतरून केलेलं. रात्रीचं उड्डाण ५ तास, त्यात १० टेकऑफ आणि १० लँडिंग. उपकरणांवर विसंबून केलेलं उड्डाण १० तास. पण पुढे एअरलाइनसाठी इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे उपकरणांवर उडण्याची मान्यता, लागतंच, आणि त्याला उपकरणांवरचे ४० तास हवेत. त्यातले २० पर्यंत सिम्युलेटरवर चालतात. शिवाय पायलट-इन-कमांड म्हणून ५० तास क्रॉस कंट्री. दोन इंजिनांच्या विमानाचं प्रशिक्षण वेगळं.

आता याच आकड्यांतून प्रश्न काढा. तुमच्या धावपट्टीवर रात्रीचे दिवे आहेत का, की रात्रीच्या तासांसाठी मुलांना दुसऱ्या तळावर पाठवता? पाठवत असाल तर तिथला राहण्याचा खर्च कुणाचा? सिम्युलेटरची डीजीसीए मान्यता आज चालू आहे का? मान्यता संपलेल्या सिम्युलेटरवरचे तास मोजले जात नाहीत. दोन इंजिनांचं विमान तुमचं स्वतःचं आहे का, की ते तास बाहेर करावे लागतात?

आपल्या आसपास काय आहे

साताऱ्याहून फलटणमार्गे बारामती आणि मिरजेहून रेल्वेने बेळगाव ही दोन ठिकाणं बहुतेकांना सोयीची. दोन्हीकडे प्रशिक्षण चालतं. राज्यात पुढे धुळे, शिरपूर, जळगाव, गोंदिया, नागपूर. कराडला धावपट्टी आहे. सांगलीकर कवलापूरच्या धावपट्टीबद्दल वर्षानुवर्षं ऐकत आलेत, पण आज तिथे उड्डाण शिकता येत नाही. उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी सरकारी आहे. तिची प्रवेश परीक्षा असते, आणि गणित-भौतिकशास्त्र पक्कं असलेल्या मुलाने ती द्यावीच.

संस्था कुठलीही असो, डीजीसीएच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांची ताजी यादी स्वतः उघडून बघा. मान्यता कुठल्या तळासाठी आहे, कधीपर्यंत आहे, हे त्यात कळतं. एकाच संस्थेचे दोन-तीन तळ असतात. प्रवेश एका ठिकाणी घ्यायचा आणि उडायला दुसरीकडे जायचं, असं होऊ नये म्हणून तळाचं नाव करारात लिहून घ्या.

डीजीसीए आता या संस्थांना श्रेणीही देते. पहिली यादी १ ऑक्टोबर २०२५ ला लागू झाली, आणि पुढे दरवर्षी १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला ती नव्याने लागायची, असं ठरलं. सगळ्यात वरची श्रेणी ए प्लस प्लस. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत देशातली एकही संस्था आली नाही. त्यामुळे "आम्ही देशात नंबर वन" असा फलक दिसला तर शांतपणे विचारा: श्रेणी कुठली? श्रेणी हा चांगला चाळणीचा निकष आहे, पण ती संस्थेची असते. तुमच्या तळावर आज किती विमानं उडताहेत, ते त्यातून कळत नाही.

खरा हिशेब: विमानं, इन्स्ट्रक्टर, मुलं

हा भाग कागद-पेन घेऊन करा. समजा, संस्थेकडे ४० मुलं उड्डाणाच्या टप्प्यात आहेत आणि माहितीपत्रकात ५ विमानं आहेत. त्यातलं एक इंजिनाच्या सुट्या भागासाठी उभं, एक तपासणीत. उडतात ३. एक विमान चांगल्या दिवशी ६ तास उडलं आणि महिन्यात उडण्याजोगे २२ दिवस मिळाले, तर तीन विमानांचे महिन्याला ३९६ तास होतात. ४० मुलांत वाटले तर प्रत्येकाला जेमतेम १० तास. म्हणजे २०० तासांना २० महिने. तिसरंही विमान उभं राहिलं तर हाच आकडा साडेसहा तासांवर येतो आणि कोर्स अडीच वर्षांवर जातो. शिवाय आपल्याकडचा पावसाळा या हिशेबात अजून धरलेलाच नाही.

विमानं उभी राहणं यात गैर काही नाही, उलट ते आवश्यक आहे. सेस्नासारख्या शिकाऊ विमानांची दर ५० आणि दर १०० तासांनी तपासणी होते. दिवसाला ६ तास उडणारं विमान आठ-नऊ दिवसांत पुढच्या तपासणीला येतं. म्हणून पाहायचं ते हे: देखभाल संस्था स्वतः करते की बाहेरून माणसं येतात, आणि सुटे भाग जवळ ठेवते का. बाहेरून इंजिनिअर येईपर्यंत विमान चार दिवस उभं, हे चित्र अनेक ठिकाणी दिसतं.

इन्स्ट्रक्टरबाबतही तोच हिशेब. सीएफआय, म्हणजे मुख्य उड्डाण प्रशिक्षक, त्याच तळावर पूर्णवेळ आहेत का? सोलोला, म्हणजे मुलाला एकट्याने उडायला, सोडण्याआधीची तपासणी, प्रगतीच्या चाचण्या हे सगळं त्यांच्यापाशी येऊन थांबतं. ते दोन तळांमध्ये फिरत असतील तर मुलं त्यांची वाट बघत बसतात. मागच्या वर्षभरात किती इन्स्ट्रक्टर सोडून गेले, हेही विचारा. तास भरले की एअरलाइनला जाणारे तरुण इन्स्ट्रक्टर सगळीकडेच असतात, पण दर तीन महिन्यांनी नवा माणूस मिळाला तर मुलाला तेच धडे पुन्हा गिरवावे लागतात आणि तासांचे पैसे पुन्हा जातात.

भेट द्यायला जा, पण सकाळी ६ ला

दुपारी गेलात तर स्वागतकक्ष, एसी खोली आणि चकचकीत माहितीपत्रक दिसेल. कामाच्या दिवशी पहाटे जा, शक्य असेल तर सलग दोन दिवस. शिकाऊ उड्डाणं सकाळी लवकर सुरू होतात. वारा तेव्हा शांत असतो आणि दुपारच्या उन्हात हवा खवळते.

फ्लाइट डेस्कवरचा फळा बघा. त्यावर विमानाचा नंबर, मुलाचं नाव, इन्स्ट्रक्टर, वेळ असं लिहिलेलं असतं. किती नावांपुढे "रद्द" आहे आणि कारण काय दिलंय, ते वाचा. हवामानामुळे रद्द झालं तर हरकत नाही. "विमान उपलब्ध नाही" हे दहापैकी चार नावांपुढे असेल तर तुमचा हिशेब तिथेच झाला.

मग धावपट्टीच्या बाजूला उभं राहून एखाद्या मुलाची उड्डाणापूर्वीची तपासणी बघा, परवानगी घेऊन. तो पंखाखाली वाकतो, पारदर्शक पेल्यात टाकीतलं थोडं इंधन काढतो आणि उजेडाकडे धरतो. शिकाऊ विमानांत सर्रास वापरलं जाणारं एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, निळसर असतं. तळाशी पाणी असेल तर ते वेगळं दिसतं, कचरा असेल तर तोही दिसतो. मूल हे मन लावून करतंय का, की इंधन झटकून पुढे पळतंय? इन्स्ट्रक्टर बाजूला उभा राहून बघतोय, की फोनवर आहे? त्या जागेची सुरक्षेची सवय या दोन मिनिटांत उघडी पडते. भिंतीवरचं प्रमाणपत्र ते सांगत नाही.

सुरक्षेबद्दल स्पष्ट विचारायला संकोचू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात एकाच संस्थेची दोन शिकाऊ विमानं आठवड्याच्या आत कोसळली. त्यानंतर डीजीसीएने त्या संस्थेचं प्रशिक्षण काही काळ थांबवलं. विमान अपघात तपास ब्यूरोचे अहवाल सगळ्यांना वाचायला खुले असतात. ज्या संस्थेत जाणार आहात तिच्या नावाने शोधा. अपघात झाला एवढ्यावरून संस्था बाद करू नका. त्यानंतर तिथे नेमकं काय बदललं, याचं सरळ उत्तर मिळतं का ते बघा. आणखी एक: लहान धावपट्ट्यांवर हवाई नियंत्रणाची सोय नेहमी पूर्ण असतेच असं नाही. एका वेळी किती विमानं सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, असतात, रेडिओवर कोण बसतं आणि त्याची पात्रता काय, हे विचाराच.

मुलांशी बोला, आणि लॉगबुक बघायला मागा

नुकतेच आलेले विद्यार्थी खूश असतात. बोलायचं ते दीडशे तास पार केलेल्यांशी. संस्थेने नेमून दिलेल्या मुलाशी नको, बाहेर चहाच्या टपरीवर भेटेल त्याच्याशी. तो लॉगबुक दाखवायला तयार असेल तर तासांची बेरीज बघू नका, तारखा बघा. फेब्रुवारीत आठ सॉर्टी (उड्डाणं), मार्चमध्ये एक, एप्रिल कोरा, मेमध्ये पुन्हा तीच "सर्किट अँड लँडिंग" डबल कंट्रोलवर, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबत, असं दिसलं तर समजून घ्या: खंड पडल्यामुळे हात गेला आणि आधी झालेला धडा पुन्हा पैसे देऊन करावा लागला. पाच मिनिटं नीट चाळलेलं लॉगबुक तासाभराच्या समुपदेशनापेक्षा जास्त सांगतं.

मुलगी असेल तर मुलींच्या हॉस्टेलला आईने स्वतः भेट द्यावी, आणि पहाटे साडेपाचला हॉस्टेल ते धावपट्टी नेआण कशी होते ते विचारावं. पहाटेच्या सॉर्टीला रिक्षा शोधत फिरणं हा व्यवस्थेतला दोष आहे, मुलीने सोसायची गोष्ट नाही.

हवामान: आपल्या खोऱ्याचा विचार

दिसण्याचं अंतर ५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तर नजरेच्या नियमांनुसार उड्डाण होत नाही, आणि सुरुवातीचं सगळं शिक्षण याच नियमांखाली चालतं. कृष्णाकाठी डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं बसतं, तोडणीनंतर पाचट पेटवलं की धूर खाली रेंगाळतो. जून ते सप्टेंबर सह्याद्रीच्या कुशीत ढग इतके खाली येतात की दिवसच्या दिवस जातात. बारामती, फलटण हा पर्जन्यछायेचा पट्टा असल्याने तिथे पावसाचा अडथळा कमी, पण पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा जोरदार असतो आणि नवशिक्याला सोलोला सोडताना वाऱ्याची मर्यादा लागू होते. बेळगावला पावसाळा चांगलाच असतो. मागच्या जुलै-ऑगस्टमध्ये एकूण किती तास उड्डाण झालं, हा आकडा मागा. नोंद असतेच, द्यायची की नाही एवढाच प्रश्न असतो. माझा सल्ला असा की प्रवेश घेतलात तर पावसाळा ग्राउंडच्या, म्हणजे लेखी पेपरांच्या, अभ्यासाला ठेवा आणि उड्डाण ऑक्टोबरपासून सुरू होईल असं बघा.

ग्राउंडचं म्हणाल तर एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन, टेक्निकल जनरल, टेक्निकल स्पेसिफिक हे पेपर असतात आणि उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. रेडिओचा आरटीआर परवाना वेगळा. यातले दोन-तीन पेपर पुण्यात क्लास लावून किंवा घरी बसून आधीच काढता येतात. नेव्हिगेशन आणि मेट निघाले असतील तर मुलाला हे झेपतंय, हे घरच्यांनाही लाखो रुपये भरण्याआधी कळतं.

पैसे

देशात सीपीएलचा खर्च साधारण ४० ते ६० लाखांच्या घरात जातो. त्यावर एअरलाइनच्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या ठरावीक प्रकारचं विमान चालवण्याची मान्यता, आणखी काही लाखांचं. आपल्याकडे हा पैसा जमीन, सोनं आणि कर्ज या तिन्हींतून उभा राहतो. म्हणून इथे भीड ठेवून चालणार नाही.

सगळी फी एकदम भरू नका, सवलत दिली तरी. ऊसतोडीच्या टोळीला सगळी उचल एकदम दिली की काय होतं, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला शिकवायला नको. हप्ते उड्डाणाच्या तासांशी बांधा: प्रवेशाला थोडे, सोलोनंतर थोडे, मग दर ४०-५० तासांना. कर्ज असेल तर बँकेलाही रक्कम त्याच टप्प्यांत थेट संस्थेला द्यायला सांगा. व्याज कमी लागतं आणि संस्थेला मुलाला उडवण्याची घाईही राहते.

फीच्या पत्रकात काय नाही, ते आधी शोधा. २०० च्या पुढे लागलेल्या तासांचा दर, चाचणीच्या उड्डाणांचे पैसे, इंधन महागलं तर वाढीव आकार, लँडिंग शुल्क, दोन इंजिनांचे तास, सिम्युलेटर, हॉस्टेल, मेस, हेडसेट, गणवेश. २०० तासांत सगळं बसतंच असं नाही, त्यामुळे जादा तासांचा दर लेखी हवाच. जीएसटी लावला असेल तर तो कशावर, ते विचारा. डीजीसीए-मान्य संस्थांच्या डीजीसीए-मान्य अभ्यासक्रमांना तो लागत नाही, असं केंद्राने ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय.

एजंटमार्फत प्रवेश घेऊ नका. पावती संस्थेच्या नावाची, रक्कम संस्थेच्याच खात्यात. "नोकरीची हमी" असं कुणी म्हणालं तर ते लेटरहेडवर लिहून मागा, बोलणं तिथेच थांबेल. इतर मागासवर्गीय, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत सीपीएल प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. जागा मोजक्या असतात, म्हणून जाहिरातीवर लक्ष ठेवा.

सही करण्याआधी आणि नंतर

करारात या गोष्टी हव्यात: तळाचं नाव, कोर्स पूर्ण करण्याचा अंदाजे कालावधी, संस्थेमुळे उशीर झाला तर काय, मेडिकल अपात्र ठरल्यास किंवा मान्यता थांबल्यास परतावा किती आणि किती दिवसांत, विमा कशाकशाचा. इंग्रजी करार समजत नसेल तर तालुक्याच्या गावातल्या वकिलाला दाखवा. त्याची फी या खर्चापुढे काहीच नाही.

दाखल झाल्यावर दर महिन्याला लॉगबुकच्या पानांचे फोटो घरी पाठवायला सांगा, आणि संस्थेने केलेली तासांची बेरीज स्वतःच्या वहीशी जुळवून घ्या. सलग दोन महिने ५ तासांच्या आत उड्डाण झालं आणि कारण हवामान नसेल तर सीएफआयना ईमेलवर लेखी विचारा. तोंडी तक्रारीची नोंद कुठेच राहत नाही. संस्था बदलायची वेळ आली तर आधी लॉगबुकमधले तास प्रमाणित करून घ्या, मग प्रशिक्षणाचा अहवाल, मग देण्याघेण्याचा हिशेब. प्रमाणित नसलेले तास दुसरी संस्था धरत नाही, आणि वाद झाल्यावर सही मिळवायला अनेक फेऱ्या माराव्या लागतात.